आईचं जेवण फार कमी झालंय, वय ७६, काय करावं?

सायसाखर:
बीपीची गोळी सोडली तर आईला तसा मोठा आजार नाही, पण हल्ली खाणं अगदी चिमणीएवढं झालंय. कपडे ढगळ व्हायला लागलेत, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. काही बोललं की म्हणते या वयात हलकंच खावं, आणि तसंही भूक नाही, चव लागत नाही. रात्री नुसतं दूध-बिस्किट. तेल-तूप तिने स्वतःच बंद केलंय. प्रोटीन पावडर आणू का?

उंबरठा:
पावडरचं नंतर बघा, आधी वजन करा आणि जुन्या रिपोर्टवर किती होतं ते शोधा. ६-१२ महिन्यांत काही न करता ५ टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे ६० चे ५७ च्या खाली, तर डॉक्टरांना दाखवाच, वय झालं म्हणून सोडू नका. आणि हलकं खायचं म्हणजे प्रोटीन कमी करायचं असं नाही हो! उलट म्हातारपणी ते तरुणांपेक्षा जास्त लागतं, वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम, नाहीतर स्नायू झिजतात आणि मग ते हात टेकणं वगैरे सुरू होतं. एका अंड्यात ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात ८ च्या आसपास मिळतं, डाळी, दही, मासे आहेतच. सगळं एका वेळी नको, तिन्ही वेळा थोडंथोडं. सोबत खुर्चीतून उठ-बस करायचा व्यायाम, नुसतं खाऊन ताकद येत नाही.

जुनाचष्मा:
वरचं बरोबर पण किडनीचा त्रास असेल तर हा आकडा चालत नाही, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका. दुसरं म्हणजे दात बघा. आमच्याकडे कवळी सैल झाली होती आणि आम्ही आपले भूक नाही भूक नाही करत बसलो होतो. काही औषधांनीही तोंडाची चव जाते, गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. वजन उतरत असेल तर तेल-तूप बंद कशाला, उलट भाजीत चमचाभर जास्त घाला. मीठ मात्र बीपीमुळे कमीच राहू दे, चवीला लिंबू, आलं, जिरं.

सायसाखर:
कवळी आहे तिला!! बरीच जुनी आहे, हे डोक्यातच आलं नाही. किडनीची टेस्ट मागेच झाली, नॉर्मल होती. पाणीपण कमी पिते, तहानच लागत नाही म्हणते.

उंबरठा:
वयाबरोबर तहान कमीच जाणवते, म्हणून तहानेची वाट न बघता मधूनमधून हातात पेला द्यायचा. ताक, सूप पण चालेल, फक्त त्यात मीठ बेताचं.

मधलीसुट्टी:
व्हिटॅमिन बी१२ पण तपासून घ्या. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी१२ नीट शोषलं जात नाही. अॅसिडिटीच्या गोळ्या किंवा डायबिटीसची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि जबरदस्ती करू नका, कोणीतरी सोबत बसून जेवलं की दोन घास जास्त जातात.