मदत हवी आहे: आईची चौथ्या ग्रेडची मूळव्याध, स्टेपलर की उघडं ऑपरेशन?

नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आई ६१ वर्षांची आहे. तिला मूळव्याध असल्याचं आम्हाला गेल्या महिन्यात कळलं, त्रास मात्र तिला कितीतरी वर्षांचा. रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून स्वतःचे परकर धुवून टाकायची. जिन्यात दम लागून खाली बसली, तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.४. मग रडत रडत सगळं सांगितलं.

वय आणि रक्तस्राव बघून आधी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करून घेतली, आत दुसरं काही नाही. (घरात कुणाला रक्त पडत असेल तर मूळव्याधच असणार असं धरून बसू नका.) कोंब आता हाताने ढकलूनही आत जात नाहीत, म्हणजेच चौथी ग्रेड. शिरेतून लोह दिल्यावर हिमोग्लोबिन १० च्या वर आलंय.

आता अडलंय ते इथे. एक सर्जन म्हणतात, उघडंच ऑपरेशन करा. कोंब कापून काढतात, जखम न शिवता सोडतात, ती भरायला चार ते सहा आठवडे. दुखतं फार, पण पुन्हा उद्भवण्याची शक्यता सगळ्यात कमी. दुसरे स्टेपलर सुचवतात, म्हणजे यंत्राने आतल्या अस्तराचा पट्टा कापून तिथेच पिना मारायच्या. त्यात दुखणं कमी, माणूस लवकर हिंडूफिरू लागतो, पण पुढे कोंब परत बाहेर येण्याचं प्रमाण जास्त, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. बाहेरचे कोंब त्याने नीट जात नाहीत, असं पहिले म्हणतात. लेझरचंही ऐकलं, पण चौथ्या ग्रेडला दोघंही नको म्हणाले.

माझा कल उघड्या ऑपरेशनकडे आहे. आई मात्र पहिल्या संडासच्या नुसत्या विचाराने घाबरते. चार दिवस झाले, जेवण निम्म्यावर आणलंय, पोह्यांची बशीसुद्धा तशीच परत करते. उपाशी राहून मल आणखी घट्ट होतो हे तिला पटत नाही.

ज्यांनी स्वतः करून घेतलंय किंवा घरच्यांचं केलंय, त्यांनी कृपया सांगा. सहन न होणारं दुखणं नेमकं किती दिवस होतं? इसबगोल, लॅक्टुलोज (मल मऊ करणारं औषध) आणि कोमट पाण्यात बसणं याने खरंच निभावतं का? सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा रक्त जाऊ शकतं म्हणतात, तुमच्याकडे झालं का? आणि वर्ष-दोन वर्षांनी संडासची वाट अरुंद होणं, वायू किंवा मल न आवरणं असं काही?

बायकांनी लिहिलं तर फार बरं. आईला वाचून दाखवीन. सोमवारी सर्जनला तारीख कळवायची आहे.