स्प्रिंग बूट: ॲप रिस्टार्ट केलं की डेटा गायब, एरर मात्र एकही नाही

जुना_सर्व्हलेट:
मंडळी, माझी बारा वर्षं एक्सएमएल लिहिण्यात गेली. वेब डॉट एक्सएमएल ही सेटिंगची फाइल भरायची, वॉर फाइल (ॲपचं गाठोडं) टॉमकॅट या वेब सर्व्हरमध्ये टाकायची आणि लॉग बघत बसायचं. आता टीमच्या हट्टापायी तेच ॲप्लिकेशन स्प्रिंग बूट ३ वर (बरीचशी जुळवाजुळव स्वतःच करणारी जावाची चौकट) आणतोय. जावा १७ घातलं, जावॅक्सचे इम्पोर्ट बदलून जकार्ता केले. (त्या उत्साहात जावॅक्स डॉट एसक्यूएलही बदलून बसलो होतो. ते खुद्द जावाचंच पॅकेज, ते जागचं हलत नाही. अर्धा दिवस गेला.) मेन मेथड चालवली आणि आतला टॉमकॅट ८०८० पोर्टवर उभा. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पण आता हे बघा. फॉर्म भरला, नोंद यादीत दिसली. ॲप रिस्टार्ट केलं, यादी रिकामी. मायएसक्यूएलमध्ये डोकावलो तर तिथे नवीन ओळच नाही. डेटासोर्सचा बीन (डेटाबेसशी जोडणी देणारा, स्प्रिंगने सांभाळायचा ऑब्जेक्ट) मी स्वतः लिहिलाय, यूआरएल दहा वेळा तपासली. शेवटी वैतागून मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला, तरी ॲप मजेत सुरू! ट्रान्झॅक्शन कमिट, म्हणजे डेटाबेसमध्ये पक्कं, होत नाहीये का? दोन दिवस कमिटच्याच मागे आहे.

अर्धविराम:
कमिटचा नाद सोडा. चुकीच्या पासवर्डवरही ॲप उठतंय, म्हणजे तुमच्या बीनला कुणी विचारतच नाहीये. पॉममध्ये (लायब्रऱ्यांच्या यादीची फाइल) एचटू हा छोटा, मेमरीतही चालणारा डेटाबेस आहे का? आणि लॉगमध्ये हिकारीपूल या डेटाबेस-कनेक्शन सांभाळणाऱ्या लायब्ररीची 'ॲडेड कनेक्शन' अशी ओळ येते, तिच्यात यूआरएल कुठली दिसते?

जुना_सर्व्हलेट:
एचटू आहे, टेस्टसाठी घातलेलं. आणि ती ओळ... जेडीबीसी, एचटू, मेम, पुढे लांबलचक आकडे-अक्षरं. ही मी कुठेही लिहिलेली नाही!

नको_ती_जादू:
म्हणूनच म्हणतो, बूट नको. एक्सएमएल लांबडं असेल, पण जे लिहिलं तेच चालायचं. इथे न सांगता डेटाबेस बदलतो आणि वर लॉगमध्ये सगळं आलबेल.

अर्धविराम:
जादू वगैरे काही नाही, बूट फक्त अटी तपासतं. डेटासोर्सच्या ऑटो-कॉन्फिगरेशनवर (बूटने आपोआप केलेली जुळणी) 'कंडिशनल ऑन मिसिंग बीन' लावलेलं असतं: या प्रकारचा बीन आधीच सापडला तर मी गप्प, नाही सापडला तर मी बनवतो. तुमचा बीन त्याला सापडला नाही, नेहमीची यूआरएलची प्रॉपर्टी दिसली नाही, पण क्लासपाथवर, म्हणजे ॲपला मिळणाऱ्या लायब्रऱ्यांत, एचटू दिसलं. मग त्याने मेमरीतला डेटाबेस उभा केला. अशा एम्बेडेड (ॲपच्या आतच चालणाऱ्या) डेटाबेसला फ्लायवे किंवा लिक्विबेस (टेबलांचे बदल सांभाळणारी साधनं) नसेल तर हायबरनेट या क्लास-टेबल जोडणाऱ्या लायब्ररीचं डीडीएल-ऑटो हे सेटिंग आपोआप 'क्रिएट-ड्रॉप' धरलं जातं, म्हणजे सुरुवातीला टेबलं बनवा, शेवटी पाडा. टेबलंही तयार मिळाली, म्हणून एरर नाही. प्रोसेस संपली की सगळं साफ.

जुना_सर्व्हलेट, ॲप 'डॅश डॅश डीबग' देऊन चालवा. कुठली अट जुळली, कुठली नाही, याचा भलामोठा रिपोर्ट येतो. 'पॉझिटिव्ह मॅचेस'मध्ये डेटासोर्स शोधा. तिथे 'डिड नॉट फाइंड एनी बीन्स' असं लिहिलेलं असणार. मग सांगा, तुमचा कॉन्फिगचा क्लास कुठल्या पॅकेजमध्ये आहे आणि मेन क्लास कुठल्या?

जुना_सर्व्हलेट:
अगदी तेच शब्द आहेत. मेन क्लास 'ॲप' पॅकेजमध्ये, एंटिटी (टेबलांशी जोडलेले क्लास) त्याच्याच पोटात, आणि डेटासोर्सचा कॉन्फिग शेजारच्या 'कॉमन'मध्ये. एक्सएमएलमध्ये कंपोनंट-स्कॅनला (बीन कुठे शोधायचे ते) दोन्ही नावं दिलेली होती. ती फाइल मीच आनंदाने उडवली.

अर्धविराम:
सापडलं. स्प्रिंग बूट ॲप्लिकेशन हे ॲनोटेशन ज्या पॅकेजमध्ये बसतं, त्याच्या आणि त्याच्या पोटातल्याच पॅकेजचं स्कॅनिंग होतं. शेजारी बघत नाही. मेन क्लास एक पायरी वर न्या. 'स्कॅन बेस पॅकेजेस' देऊनही बीन सापडेल, पण उद्या एखादी एंटिटी 'कॉमन'मध्ये टाकलीत तर ती हायबरनेटला दिसणार नाही, तिच्यासाठी 'एंटिटी स्कॅन' वेगळं लावावं लागतं. आणि एचटूचा स्कोप 'टेस्ट' करा, म्हणजे ते फक्त टेस्टच्या वेळीच मिळेल. तो तसा असता तर पहिल्याच दिवशी 'फेल्ड टू कॉन्फिगर अ डेटासोर्स' म्हणून ॲप आपटलं असतं, तुमचे दोन दिवस वाचले असते.

खरं तर तो हाताने लिहिलेला बीनही काढून टाका. 'स्प्रिंग डॉट डेटासोर्स'खाली यूआरएल, युजर, पासवर्ड दिलेत की हिकारीचा पूल तयार मिळतो.

नको_ती_जादू:
डीबगच्या रिपोर्टबद्दल माहीत नव्हतं, तेवढं मान्य. तरी एचटू उचलताना लॉगमध्ये एक ठसठशीत वॉर्निंग द्यायला काय जातंय?

अर्धविराम:
यावर भांडणार नाही.

जुना_सर्व्हलेट:
मेन क्लास वर नेला, एचटूचा स्कोप बदलला. पहिल्यांदा ॲप उठलंच नाही: मायएसक्यूएल म्हणालं, ॲक्सेस डिनाइड. तो मुद्दाम टाकलेला चुकीचा पासवर्ड तसाच राहिला होता! एरर बघून इतका आनंद मला आजवर झाला नसेल. तो दुरुस्त केला, तीनदा रिस्टार्ट केलं, नोंद जागच्या जागी आहे. बीन काढायचं मात्र सोमवारी बघतो, आज हात लावायची हिंमत नाही.