संस्कार फुकट असतात म्हणे!

रातकिडा

काल इथे एका सदस्याने लिहिलेलं वाचलं आणि डोकंच फिरलं. सारांश असा: "मुलाची पहिली पाच वर्षं घरच्यांच्या हातात असतात. बोला, खेळवा, गोष्टी सांगा, वेळेवर झोपवा. याला पैसा लागत नाही. परिस्थितीचं रडगाणं गाणाऱ्यांना मुळात कष्ट नको असतात." खाली अंगठे, टाळ्या, 'अगदी मनातलं बोललात'. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

'वेळेवर झोपवा' एवढंच घेऊ. एका खोलीत सहा माणसं. दिवा कधी मालवायचा? पाळी संपवून शेवटचा माणूस येईल, जेवेल, आडवा होईल तेव्हा. पहाटे दुसरा कामाला निघणार, की पुन्हा दिवा, पुन्हा भांड्यांचा आवाज. मधल्या फटीत दोन वर्षांच्या पोराने म्हणे वेळेवर झोपायचं. मी अशाच खोलीत वाढलो. आई धाकट्याच्या डोळ्यांवर हात धरून बसायची, उजेड लागू नये म्हणून. भिंतीला ओल होती, त्याची छाती कायम घरघरायची. डॉक्टर सांगायचे, हवापालट करा. कुठे जाऊन करायचा?

आईबाप कसे वागतात हे परिस्थितीपासून सुटं काढता येत नाही, एवढंच माझं म्हणणं. उद्या काम मिळेल की नाही या घोरात असलेल्या माणसाला पोराच्या विसाव्या 'हे काय?'ला उत्तर सुचत नाही. तुम्हाला फक्त चिडका बाप दिसतो. आणि हे सगळं पोटात असल्यापासून सुरू होतं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात उपासमार झाली. गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांना तिची झळ लागली, त्यांच्यात पन्नाशीच्या आसपास हृदयविकार जास्त सापडला. त्यांच्या आया काय संस्कारात कमी पडल्या?

पाटीपेन्सिल

तो 'एक सदस्य' मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

महायुद्धातला दुष्काळ आणून माझं म्हणणं खोडताय? मी उपाशी माणसांबद्दल लिहिलंच नव्हतं. पोट भरलंय, संध्याकाळ मोकळी आहे, हातात फोन आहे आणि पोर कोपऱ्यात दुसरा फोन घेऊन बसलंय, अशांबद्दल लिहिलं होतं. दोनाखालच्या मुलांना पडदा दाखवू नका, हे जागतिक आरोग्य संघटना २०१९पासून सांगतेय. न दाखवायला किती खर्च येतो?

आता अभ्यासच हवेत तर घ्या. जमैकात १९८०च्या दशकात वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली. काहींना दूध-पावडरीचा पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून तासभर एक बाई जायची आणि आईला बाळाशी कसं खेळायचं ते दाखवायची, टाकाऊ वस्तूंची खेळणी करून. वीस वर्षांनी ज्यांच्याशी खेळलं गेलं त्यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त निघाली. नुसत्या आहाराचा तसा टिकाऊ परिणाम दिसला नाही. म्हणजे काय झालं?

माझे वडील ओझी वाहायचे. सही येत नव्हती. पण रोज रात्री 'आज काय पाहिलंस' विचारायचे आणि पूर्ण ऐकून घ्यायचे. आम्ही भावंडं सगळी धड निघालो. त्यांच्याही डोक्याला घोर होताच की!

रातकिडा

जमैकाचं उदाहरण तुम्हीच दिलंत, बरं झालं. ती 'एक बाई' कोण होती? आरोग्यसेविका. तिला कुणीतरी शिकवलं, पगार दिला, दोन वर्षं दर आठवड्याला घरी पाठवलं. त्या आयांना आळशी म्हणून वर उपदेश नाही केला. असं कुणी माझ्या आईकडे आलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता.

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण असे बाप निघतात म्हणून बाकीच्यांना झोडपायचं, हा कुठला न्याय?

आकडेमोड

दोघांनीही जरा दमानं घ्या. आता कुणीतरी 'तीन कोटी शब्दांची दरी' (गरीब घरातल्या मुलाच्या कानावर सुखवस्तू घरातल्यापेक्षा तेवढे शब्द कमी पडतात, हा दावा) आणणार हे दिसतंच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. हार्ट आणि रिस्ली, १९९५, अमेरिका. एकूण घरं ४२, त्यातली सर्वांत गरीब फक्त सहा. सहा घरांवरून अख्ख्या जगातल्या गरिबांना मुकं ठरवलं! नंतर इतरांनी आईखेरीज घरातल्या बाकी माणसांचं बोलणं आणि मुलाच्या कानावर पडणारं बोलणंही धरलं, तर दरी तशी राहिली नाही.

दुसरी लाडकी गोष्ट म्हणजे ती गोड खाऊची चाचणी. थांबलास तर दोन, नाही थांबलास तर एक, आणि म्हणे थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात. २०१८मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर पुन्हा तपासलं. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराचसा विरला. ज्या घरात 'नंतर देतो' म्हटलेलं नंतर मिळतं, तिथलं पोर थांबणारच.

आणि आनुवंशिकता? बोलक्या आईबापांची मुलं बोलकी निघाली तर त्यात गोष्टी सांगण्याचा वाटा किती आणि जनुकांचा किती? यावर इथे कुणी कधीच बोलत नाही. मी दर धाग्यावर लिहितो.

पाटीपेन्सिल

हो, दर धाग्यावर लिहिता. दिसतं आम्हाला.

रातकिडा, पैशानेच सगळं होतं ना? मग हेही ऐका. अमेरिकेत २०१८-१९मध्ये एक हजार गरीब आया निवडल्या. काहींना महिन्याला ३३३ डॉलर, काहींना २०. कुठलीही अट नाही. मुलं चार वर्षांची झाल्यावर भाषा, वागणूक, मेंदूची चाचणी, सगळं तपासलं. ठरवलेल्या मुख्य कसोट्यांवर दखल घ्यावी असा फरक नाही. पैसे मिळाले, पोरं तिथेच. बोला.

आणि परिस्थिती बरी असलेल्यांचं काय? नवव्या महिन्यात पोर पाळणाघरात टाकून मोकळे होतात. त्यांना कुठला घोर असतो?

गोगलगाय

'टाकून मोकळे'??? मूल आहे ते, पिशवी नाही.

वाचत होते गुपचूप, पण आता लिहितेच. रजा संपली, घराचे हप्ते दोन पगारांवर बेतलेले, सासरमाहेर दोन्ही लांब. पहिल्या दिवशी दारात लेक बाईंच्या कडेवर आणि तिच्या मुठीत माझी बाही. बाईंनीच एकेक बोट सोडवलं. मी जिन्यात बसून राहिले. ऑफिसात पोचल्यावर कळलं, चपला वेगवेगळ्या जोडांच्या आहेत. आणि तुम्ही मला मोकळं व्हायला शिकवताय!

अमेरिकेत १९९१पासून तेराशेहून जास्त मुलांचा पाठपुरावा झालाय. मूल कसं वाढतं हे पाळणाघरापेक्षा घरच्यांच्या वागण्यावर जास्त ठरतं, असं त्यात निघालं. वाचा आधी.

पाटीपेन्सिल

वाचलाय. त्यातच हेही आहे की पाळणाघरात जितके तास जास्त, तितक्या वागण्याच्या तक्रारी थोड्या जास्त. आणि कॅनडातल्या क्वेबेकने १९९७मध्ये स्वस्त पाळणाघरं काढली, तिथल्या मुलांत चिंता आणि आक्रमकपणा वाढल्याचं अर्थतज्ज्ञांनीच दाखवलं. घरी आजी असताना

(चुकून अर्धवटच पाठवलं गेलं) …घरी आजी असताना परक्या हातात देण्याची गरज काय, असं म्हणायचं होतं.

गोगलगाय

'थोड्या' हा शब्द किती हळू आवाजात म्हणालात! शिवाय त्याच अमेरिकी अभ्यासात चांगल्या पाळणाघरातल्या मुलांची भाषा जरा सरस निघाली, ते गाळलंत. आणि घरी आजी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

निवृत्त_पण_कुठून

आजीचा विषय निघालाच आहे तर आजीलाही बोलू द्या. दोन नातवंडं सांभाळते. नोकरी केली तेव्हा निदान रविवारी सुट्टी असायची.

माझे गुडघे कामातून गेलेत. मोठा दीड वर्षाचा असताना मी त्याला उचलून घेऊन फिरायचे, आता धाकटीला घेऊन जमिनीवर बसले की उठताना पलंगाचा आधार लागतो. औषधाची वेळ चुकते. मैत्रिणींबरोबर सहल ठरली की सून कॅलेंडर बघते आणि मुलगा माझ्याकडे बघतो. वर 'आई, तुम्ही त्याला सारखा टीव्ही लावता' हे ऐकायचं. लावते! भाजी निवडताना दुसरं काय करू? पाटीपेन्सिल, तुमच्या 'फुकट संस्कारां'चं बिल माझ्या गुडघ्यांवर फाटतं.

आकडेमोड

आजी, हवाई बेटांपैकी काउआईवर १९५५मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांना कित्येक दशकं पाहिलं गेलं. गरिबी, भांडणं, आईबापांची आजारपणं असं सगळं एकदम वाट्याला आलेली जी मुलं होती, त्यातली साधारण तिसरा हिस्सा तरीही उत्तम निघाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं माणूस होतं, आणि ते बऱ्याचदा आजी किंवा आजोबा. तेव्हा तुमचं मोल आहे.

निवृत्त_पण_कुठून

मोल आहे हे ठाऊक आहे मला. मोबदल्याचं विचारतेय.

गोगलगाय

आजी, मनापासून विचारते. माझ्या आईने 'मी सांभाळणार नाही' असं स्वच्छ सांगितलं तेव्हा मला फार लागलं होतं. तुम्हालाही तसं सांगता आलं असतं ना?

निवृत्त_पण_कुठून

सांगता येतं, पण मग घरात तोंडं फिरतात. तुमची आई धीराची. मला पोरं आवडतात हो, तक्रार पोरांची नाहीच. सकाळी आठ ते रात्री आठ आवडायला सांगू नका.

पाटीपेन्सिल

आमच्या आईने चार नातवंडं हसत सांभाळली. कधी हिशेब मांडला नाही.

निवृत्त_पण_कुठून

तुम्ही कधी विचारलं होतंत?

रातकिडा

धागा माझा, भांडण आजींचं. असो, चांगलं चाललंय. पण सगळं फिरून तिथेच येतंय ना? बाळाशी निवांत बसायला कुणीतरी मोकळं लागतं. ते मोकळं माणूस कुठल्या घराला परवडतं, हीच परिस्थिती.

३३३ डॉलरबद्दल: निकाल मान्य, पाटीपेन्सिल. पण त्यातली बरीच वर्षं करोनाची होती, आणि तेवढ्याने खोली मोठी होत नाही की रात्रपाळी सुटत नाही. नुसती रोख पुरत नाही एवढं सिद्ध झालं. घरच्यांना कष्ट नको असतात, हे कुठे सिद्ध झालं?

वजनकाटा

मी बाळांची वजनं-उंच्या घेते. रोजचं काम तेच. तुमचे अभ्यास वाचले, आता माझंही थोडं ऐका.

वजन सगळे विचारतात. उंची कुणी विचारत नाही, आणि ती घेणं महाकर्मकठीण. बाळाला फळीवर झोपवायचं, एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे दाबून सरळ करायचे, तोवर ते किंचाळून निळं होतं. पण आजारपणात उतरलेलं वजन चार आठवड्यांत भरून येतं. उंची मागे पडली असेल तर ती कित्येक महिन्यांची कहाणी असते. कार्डावरचे ठिपके जोडले आणि रेघ आडवी जायला लागली, की मी बाळाला खाली ठेवते आणि आईला विचारते, तू जेवतेस का? झोपतेस का? घरी कोण असतं? निम्म्या जणी तिथेच रडायला लागतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य महिनोन्‌महिने अंगावर काढलेलं असतं, घरच्यांनी 'नखरे' म्हणून सोडून दिलेलं. अशा आईला 'बाळाशी बोला' असं छापलेलं पत्रक हातात देताना माझीच मान खाली जाते.

पण रातकिडा, तुमचंही सगळं पटत नाही. त्याच परिस्थितीतल्या दोन घरांतली दोन बाळं माझ्या फळीवर येतात आणि त्यांच्यात फरक असतो. एका घरी बाप कडेवर घेऊन स्वतः लस टोचायला येतो, बाहेर सिगारेट विझवून येतो. दुसऱ्या घरी बाळाच्या अंगालाच धुराचा वास. त्या दुसऱ्या बापाला मी परिस्थितीचा मारलेला म्हणून सोडत नाही. सरळ सांगते, सारखा सारखा कान फुटतोय तो यामुळेही असेल. काही जण ऐकतातही.

पाटीपेन्सिल

चला, एक तरी साक्षीदार माझ्या बाजूने! अर्धा का होईना.

वजनकाटा

मी कुणाच्या बाजूने नाही. आणि तुमचं ते 'कष्ट नको असतात' वाक्य आमच्या प्रतीक्षागृहात मोठ्याने वाचून दाखवा, मग बोलू.

पाटीपेन्सिल

बरं. पाळणाघराचं वाक्य मागे घेतो, कारण आजींशी वाद घालायची माझी छाती नाही. ज्याच्या घरी खरोखर जागा नाही, वेळ नाही, त्यालाही माझ्या लेखातून वगळा. फोनवाले मात्र सोडणार नाही. त्यांच्यासाठी उद्या वेगळा धागा काढतोय.

रातकिडा

'वगळा' म्हणताय, मग लेखात उरलं कोण? काढा नवा धागा. येतोच.

आकडेमोड

जनुकांवर अजूनही कुणी बोललेलं नाही, याची नोंद घ्यावी.

निवृत्त_पण_कुठून

आणि सुट्टीचं काय ठरलं?