पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं एकच गाणं निवडायचं झालं तर?

मित्राशी कालपासून वाद चाललाय, तो म्हणतो 'कम्फर्टेबली नम', मी म्हणतो 'टाइम'. तुमचं मत काय?

सूरवेडा: 'नम'च रे, विषय संपला. गिटारिस्ट गिलमोरचा दुसरा सोलो सुरू झाला की मी हातातलं काम सोडून देतो.

जुनी_कॅसेट: सोलो भारीच, पण मला 'द वॉल'मधलं ते गाणं अल्बमबाहेर काढून ऐकलं की अर्धवट वाटतं. माझं मत 'एकोज'ला, १९७१चं, एलपीची अख्खी एक बाजू, २३ मिनिटं, आणि सुरुवातीला तो थेंब पडल्यासारखा टिंग आवाज येतो ना तो कीबोर्डवाल्या राइटचा पियानो आहे, लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला, हेडफोन लावून अंधारात ऐका एकदा मग बोलू.

रात्रपाळी: २३ मिनिटं कोणाला वेळ आहे 😄 'विश यू वेअर हिअर'. सुरुवातीला गिटार रेडिओतून आल्यासारखी बारीक वाजते आणि मग दुसरी गिटार एकदम शेजारी बसून वाजवल्यासारखी येते, तिथेच मी खलास.

प्रश्नकर्ता: म्हणजे 'टाइम'ला एकपण मत नाही?? अरे ती सुरुवातीला वाजणारी घड्याळं!

जुनी_कॅसेट: घड्याळं साउंड इंजिनिअर अॅलन पार्सन्सनं रेकॉर्ड केलेली, मत त्याला दे 😛