स्कॉटलंडमधली 'मोफत' देखभाल

स्कॉटलंडमध्ये म्हाताऱ्यांची सगळी देखभाल मोफत असते, असं बरेचदा म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 2002पासून 65च्या पुढच्यांना आणि 2019पासून सर्व प्रौढांना फक्त वैयक्तिक देखभाल मोफत मिळते : अंघोळ, कपडे बदलणं, शौचास नेणं, भरवणं, औषधं देणं. केरवारे, बाजारहाट यांचे पैसे कौन्सिल (तिथली स्थानिक पालिका) घेऊ शकते. उत्पन्न बघत नाहीत, पण गरज बघतात. कौन्सिलच्या समाजकार्य विभागाचं मूल्यांकन झाल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. त्याआधी स्वतः बाई ठेवली, तर तो खर्च परत मिळेल असं धरून चालू नका. मूल्यांकनाच्या दिवशी आईवडील 'आमचं सगळं ठीक आहे' म्हणून मोकळे होतात आणि तास कमी मंजूर होतात. म्हणून आठवडाभर आधी रोज कशाकशाला, किती वेळा हात द्यावा लागला हे लिहून ठेवा, रात्रीचं उठणंसुद्धा.

केअर होमचा (म्हाताऱ्यांना ठेवून घेऊन देखभाल करणाऱ्या संस्थेचा) हिशेब वेगळा. तिथे कौन्सिलकडून ठरावीक साप्ताहिक रक्कम थेट होमला जाते, राहण्याजेवणाचा खर्च मात्र ऐपतीप्रमाणे. ती रक्कम सुरू झाली की पेन्शन एज डिसॅबिलिटी पेमेंट हा आजारी किंवा अपंग म्हाताऱ्यांचा सरकारी भत्ता (स्कॉटलंडमधला पूर्वीचा अटेंडन्स अलाउन्स) साधारण 4 आठवड्यांनी थांबतो. घरी राहणाऱ्यांचा थांबत नाही. होममध्ये गेल्याचं न कळवल्यास भत्त्याचे जास्तीचे पैसे परत मागतात. आणि मराठी बोलणारी मदतनीस हवी असेल, तर घरच्या देखभालीचे पैसे कौन्सिलकडून थेट हातात (डायरेक्ट पेमेंट) घेऊन तुम्हीच तिला नेमू शकता. त्यासाठी खर्चाच्या पावत्या मात्र नीट ठेवाव्या लागतात.