पॅरी साहेब आणि महार रेजिमेंट

'परदेशात पडलेले अधिकारी आपल्या आठवणीत राहत नाहीत,' असं कुणीतरी लिहिलंय. शहरापुरतं खरं असेलही, पण नागपूरच्या इंदोरा भागातल्या आमच्या घरी तसं नाही. मामा महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले. दर २५ नोव्हेंबरला ते मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या फोटोला हार घालतात. जवान त्यांना 'पॅरी साहेब' म्हणत.

परमेश्वरन ८ महारचे, म्हणजे महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, जन्म मुंबईचा. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत, भारतीय शांतिसेनेच्या शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीला तमिळ बंडखोरांनी घेरलं. छातीत गोळी लागूनही त्यांनी समोरच्या बंडखोराची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत ते हुकूम देत राहिले. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. हे सांगताना मामांचा आवाज आजही कापतो.