नीस ते मांतों, स्वतः गाडी चालवत: बागेला ताण असताना जावं की फेब्रुवारीत?

बागवाला, वरुड तालुका

राम राम मंडळी. माझी साडेसहा एकर संत्रा आहे, सगळा आंबिया बहार, म्हणजे फेब्रुवारीत फुलावर येणारा. मोठी लेक दोन वर्षांपासून फ्रान्समध्ये ग्रेनोबलला शिकून राहिली. ती म्हणते, आईबाबा दोघंही या, नीसला भेटू आणि समुद्राच्या काठाकाठानं इटलीच्या हद्दीवरच्या मांतों गावापर्यंत गाडीनं जाऊ. तिला गाडी येत नाही, म्हणजे चालवणार मीच. ट्रॅक्टर, जीप, बोलेरो धरून एकतीस वर्षं झाली. चिखलदऱ्याचा घाट पावसात, धुक्यात, रात्री-बेरात्री चढलो-उतरलो. पण रस्त्याच्या उजव्या बाजूनं एक किलोमीटरही चालवली नाही.

आमच्या सौ.नं अजून समुद्र पाहिला नाही. लग्न झाल्यावर मुंबईला नेतो म्हटलं होतं. बागेचं पाणी, डिंक्या रोगाच्या फवारण्या, मुलांच्या शाळा यात सत्तावीस वर्षं गेली. आता पहिल्यांदा पाहणार तर तिनं डोळे उघडे ठेवून पाहावा एवढीच माझी इच्छा आहे. कारण तिला गाडी लागते. परतवाड्यावरून वर निघालो की सेमाडोहपर्यंत डोळे मिटून, लिंबू नाकाला लावून बसते.

नीस ते मांतों तीन रस्ते आहेत म्हणतात, खालचा, मधला, वरचा. तिच्यासाठी कोणता? दुसरं, मांतोंला फेब्रुवारीत लिंबाची जत्रा भरते, ती पाहायची फार ओढ आहे. पण तेव्हा माझी बाग फुलावर असते, पाणी चुकवून चालत नाही. डिसेंबर अखेर ते जानेवारी मध्य झाडं ताणावर असतात, म्हणजे फूल यावं म्हणून पाणी तोडलेलं असतं, तेव्हा मी मोकळा. तेव्हा तिथं काही पाहण्यासारखं असतं का?

अकोल्याचा, सध्या तुलाँ

काका, ताणाच्या दिवसांतच या. डोळे मिटून सांगतो.

जत्रेत लिंबा-संत्र्यांचे मोठमोठे देखावे करतात. पण त्याला लागणारी फळं बहुतेक स्पेनमधून येतात. तुमच्यासारख्या माणसाला पाहायचं ते मांतोंच्या वरच्या डोंगरउतारावर आहे: दगड रचून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा. मागच्या डोंगरामुळे उत्तरेचा गार वारा अडतो, म्हणून तिथं लिंबू टिकतं. जानेवारीत फळ झाडावर असतं. आपल्या नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मांतोंच्या लिंबाला युरोपचं तसंच मानांकन 2015 साली. शिवाय त्या दिवसांत रस्ते मोकळे असतात, खोल्या स्वस्त पडतात. उन्हाळ्यात याच रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत तासन् तास जातात. फक्त दिवस लहान असतो, पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. चार वाजता गाडी लावून मोकळं व्हायचं.

आता रस्ते. कॉर्निश म्हणजे कड्याच्या कडेनं जाणारा रस्ता. खालचा बास कॉर्निश पाण्यालगत, गावागावातून जातो, सिग्नल भरपूर. मधला मोयेन कॉर्निश रुंद आणि सरळसोट, वाटेत एझ हे डोंगराच्या टोकावरचं जुनं गाव. वरचा ग्रांद कॉर्निश नेपोलियनच्या काळात बांधला, साधारण 500 मीटर उंचीवर जातो. त्यावर ला तुर्बीला ऑगस्टस सम्राटाचा दोन हजार वर्षांपूर्वीचा विजयस्तंभ आहे. चिखलदरा याच्या दुप्पट उंच आहे, तेव्हा तुमच्या हाताला हा रस्ता जड नाही. काकूंसाठी मात्र मधलाच.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नीसहून मांतोंकडे जाताना समुद्र उजवीकडे, आणि आपली लेनही उजवीच. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे काकू थेट दरीच्या बाजूला बसतील. ज्याला उंचीची भीती नाही त्याला हे सुख. काकूंना सोसणार नसेल तर उलटं करा: मांतोंहून नीसकडे या. आपली गाडी डोंगराला लागून चालते, समुद्र पलीकडच्या लेनपुढे दिसत राहतो, दरी अंगावर येत नाही.

पुसदची मास्तरीण

मी आणि हे मागल्या वर्षी जाऊन आलो, तेव्हा काही गोष्टी कळकळीनं सांगते.

गाडी भाड्यानं देणारे अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवतात आणि कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. आम्ही कार्ड मुलाच्या नावाचं घेऊन गेलो, काउंटरवर दोन तास घातले आणि शेवटी गाडी मिळालीच नाही. त्या दिवशी मी रडले. मग आगगाडीनं गेलो. नीस ते मांतों रूळ समुद्राला चिकटून आहेत, पाऊण तासाच्या आत पोचवते. ताईंना गाडी लागत असेल तर त्यांचं पहिलं समुद्रदर्शन आगगाडीच्या खिडकीतून होऊ द्या. दुसऱ्या दिवशी मांतोंलाच गाडी घ्या.

ऑटोमॅटिक गाडी आधीच सांगून ठेवा, नाहीतर गियरची हाती येते आणि गियर उजव्या हाताला. परवाना आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय काढायचा, फी 1000 रुपये, वर्षभर चालतो. मूळ परवाना सोबत हवाच.

लेकीसाठी संत्री नेऊ नका, मायेपोटी नेली तरी तपासणीत काढून घेतात. वनस्पती-आरोग्याचा दाखला नसेल तर संत्र्याला युरोपात मनाई आहे. खाण्याची काळजी नको. नीसला सोक्का मिळतो, हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं, ऑलिव्हच्या तेलात, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. वर मिरपूड टाकतात. मला घरची आठवण आली.

बागवाला, वरुड तालुका

ताई, भाऊ, तुमचं दोघांचंही सौ.ला वाचून दाखवलं. संत्री नेता येत नाहीत हे ऐकून तिचा चेहरा उतरला, तिनं लेकीसाठी देठासकट निवडून ठेवायचं ठरवलं होतं. आगगाडीचं मात्र तिला फार पटलं. आजवर वरुडहून नागपूरपलीकडं ती आगगाडीनंही गेली नाही.

भाऊ, एक विचारतो. उजव्या बाजूनं चालवताना पहिल्या दिवशी नेमकं चुकतं कुठं?

अकोल्याचा, सध्या तुलाँ

तीन जागी. एक, आपण डावीकडे बसतो, त्यामुळे उजव्या अंगाचा अंदाज राहत नाही आणि गाडी नकळत उजवीकडे सरकते. आरसे घासतात ते तिथंच. लेकीला मागे उजवीकडे बसवा आणि सांगायला लावा. दुसरं, गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि उजवीकडे वळूनच आत शिरायचं. इतरत्र, खूण नसलेल्या चौकात, उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. तिसरं, पेट्रोल पंपावरून किंवा मोकळ्या रस्त्यावरून निघताना मन हमखास डावीकडे ओढतं, तेव्हा घाई नको. वेग गावात जास्तीत जास्त 50, बाहेर पाटी पाहून.

आणि परत येताना कलमाची काडी आणायचा मोह होईल. आणू नका. तिकडचा रोग आपल्या पट्ट्यात यायला एक काडी पुरते.

बागवाला, वरुड तालुका

काडी नाही आणणार, शब्द देतो. मांतोंच्या बागवाल्यांनी खुंट, म्हणजे कलमाखालचं मूळझाड, कोणतं वापरलं तेवढं विचारून येईन, आमची सगळी झाडं जंबेरी लिंबाच्या खुंटावर आहेत. सोमवारी अमरावतीला आरटीओत जातो. शेजारच्या पोराला 14 जानेवारीला ठिबक सुरू करायला सांगून ठेवलं आहे, त्याच्या आत परत यायचं.